सीसीआयई करायचंय? आधी कामाची जागा बदला, मग परीक्षेची तारीख घ्या

फेब्रुवारी २०२६ पासून सिस्कोने आपल्या ‘डेव्हनेट’ परीक्षांची नावं बदलली. त्या आता सीसीएनए ऑटोमेशन, सीसीएनपी ऑटोमेशन आणि सीसीआयई ऑटोमेशन झाल्या आहेत. वरवर पाहिलं तर फक्त पाटी बदलली. पण सीसीआयई हे नाव सिस्को १९९३ पासून आपल्या सर्वात वरच्या नेटवर्किंग परीक्षेसाठी वापरते. आता स्क्रिप्ट लिहून नेटवर्क चालवणाऱ्यालाही तेच नाव मिळणार आहे.

साकीनाका, चांदिवली, मरोळ या पट्ट्यात नेटवर्कमध्ये काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं बरंचसं काम नेटवर्क टीमसोबत असतं. तिथे सध्या दोन प्रश्न ऐकू येतात. सीसीआयई अजून करण्यासारखं आहे का? आणि करायचंच, तर सुरुवात कुठून? माझं उत्तर असं: करण्यासारखं आहे, पण बहुतेक जण ज्या क्रमाने ते करायला जातात तो क्रम उलटा आहे.

परीक्षा नेमकी कशी आहे?

सीसीआयईसाठी सीसीएनए किंवा सीसीएनपी आधी असण्याची अट नाही. टप्पे दोनच. पहिला, कोअर पेपर. एंटरप्राइझ शाखेत त्याचा क्रमांक ३५०-४०१, वेळ २ तास, फी ४०० डॉलर. दुसरा, ८ तासांची लॅब, फी १,६०० डॉलर. भारतात तिचं कायमचं केंद्र बंगळुरूला आहे.

लॅबचे दोन भाग असतात. पहिले ३ तास डिझाइनचे. इथे राउटरला हात लावायला मिळत नाही. एका कंपनीचे ईमेल, नकाशे, गरजा समोर ठेवतात आणि तुम्ही निर्णय घ्यायचे. एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. उरलेले ५ तास प्रत्यक्ष उभारणीचे, बिघाड शोधण्याचे आणि नेटवर्क सुधारण्याचे.

एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर शाखेचं वजन असं वाटलेलं आहे: राउटिंग-स्विचिंगचा पाया ३० टक्के, सॉफ्टवेअरने चालणारी नेटवर्क २५ टक्के, आणि ट्रान्सपोर्ट, सुरक्षा-सेवा व ऑटोमेशन प्रत्येकी १५ टक्के. म्हणजे कमांड पाठ असणं हा आता परीक्षेचा एक भाग आहे, अख्खी परीक्षा नाही.

खर्चाचा हिशोब

दोन्ही फी मिळून २,००० डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर १ लाख ७६ हजार रुपये, आणि कर वेगळा. त्यात बंगळुरूचा प्रवास, राहणं आणि सरावाची साधनं मिळवा. लॅब पहिल्या झटक्यात निघाली नाही, तर पुन्हा १,६०० डॉलर. रात्रपाळीत मॉनिटरिंग करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसासाठी ही रक्कम कित्येक महिन्यांची बचत असते. काही जण तर कर्ज काढतात. म्हणून हा निर्णय ‘बघू, लागला तर लागला’ अशा पद्धतीने घेण्यासारखा नाही.

साकीनाक्याचा काय संबंध?

संबंध जवळचा आहे. साकी विहार रोडने थोडं पुढे गेलं की चांदिवली. तिथल्या जीपीएक्स कंपनीची डेटा सेंटर इक्विनिक्सने २०२१ मध्ये विकत घेतली. एनटीटीची डेटा सेंटरही चांदिवलीत आहेत. अशा इमारतींमध्ये इंटरनेट एक्स्चेंजचे पोर्ट असतात, जिथे वेगवेगळे सेवापुरवठादार आणि कंटेंट कंपन्या एकमेकांशी थेट जोडल्या जातात. पश्चिमेला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात. ट्रायच्या २०२३ च्या शिफारशींनुसार देशात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्टेशनांवर उतरत होत्या आणि त्या फक्त ५ शहरांत. मुंबई त्यातलं एक.

म्हणजे पुस्तकात जे आकृतीत दिसतं, ते आपल्या रिक्षाच्या अंतरावर चालू आहे. तज्ज्ञ म्हणजे कोण, हेही इथल्याच घटनांवरून समजतं. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं १६ एप्रिल २०२१ चं. इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्क. ‘हा पत्ता माझ्याकडे आहे’ हे ती एकमेकांना बीजीपी या पद्धतीने सांगतात आणि समोरचा बऱ्याचदा विश्वास ठेवतो. त्या दिवशी व्होडाफोन आयडियाच्या एका नेटवर्कने, क्रमांक ५५४१०, स्वतःचे नसलेले ३० हजारांहून जास्त मार्ग आपले म्हणून जाहीर केले. जगभरातली भलतीच वाहतूक इकडे वळली. इथे बीजीपीची कमांड येणारा माणूस पुरत नाही. शेजारच्या नेटवर्ककडून किती मार्ग स्वीकारायचे याची मर्यादा आणि मार्गाचा मालक तपासणारी आरपीकेआय पद्धत आधीच बसवून ठेवणारा माणूस लागतो.

दुसरं ६ सप्टेंबर २०२५ चं. तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावलं. केबल दोन, पण वाट एकच. हेच लहान प्रमाणात अंधेरी-कुर्ला रोडवर होऊ शकतं. कंपनीने दोन वेगळ्या पुरवठादारांच्या लिंक घेतल्या, आणि दोघांची फायबर एकाच खड्ड्यातून गेली असेल, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. कागदावर बॅकअप असतो, प्रत्यक्षात नसतो. डिझाइनच्या ३ तासांत अशाच प्रकारचा विचार तपासला जातो.

मग क्रम कसा असावा?

खालचे महिने माझा अंदाज आहेत. तुमचा अनुभव पाहून कमी-जास्त करा.

पहिले ६ महिने: पाया. सबनेटिंग, व्हीलॅन, ओएसपीएफ, बीजीपी, आणि सोबत लिनक्स व पायथन. नोकरी शोधत असाल तर सीसीएनए जरूर द्या, फी ३०० डॉलर. नोकरी असेल तर फक्त अभ्यासक्रम पूर्ण केला तरी चालेल.

पुढचे ६ ते ९ महिने: कामाची जागा बदलणं. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मॉनिटरिंगच्या शिफ्टमध्ये लाल दिवा दिसला की तिकीट काढायचं आणि वरच्या टीमला पाठवायचं. त्यात ‘असं का बांधलं?’ हा प्रश्न तुमच्यापर्यंत येतच नाही. अंमलबजावणी किंवा प्रोजेक्ट टीममध्ये जा. त्याच कंपनीत जमलं नाही तर लहान इंटिग्रेटरकडे जा. पगार लगेच वाढला नाही तरी शाखा जोडणं, रात्रीचा चेंज करणं, ग्राहकाला दोन पर्याय समजावणं हे तिथे हाताखालून जातं.

त्यानंतर कोअर पेपर. तो आधी का नको? कारण तो पास झाल्यावर लॅब देण्यासाठी ३ वर्षांचं घड्याळ सुरू होतं. मॉनिटरिंगमध्ये असतानाच पेपर काढला आणि दोन वर्षं त्याच खुर्चीत गेली, तर लॅबसाठी एकच वर्ष उरतं. कोअरला जोडून एक विषय-पेपर, उदाहरणार्थ ३००-४१० हा राउटिंगचा, ३०० डॉलर भरून दिलात तर सीसीएनपी मिळतं. पुढे घरच्या किंवा पैशांच्या कारणाने थांबावं लागलं, तरी हातात काहीतरी पक्कं असतं.

शेवटचे १२ महिने: लॅबची तयारी. सिस्को मॉडेलिंग लॅब्जची मोफत आवृत्ती ५ उपकरणांपर्यंत चालते. वैयक्तिक परवाना वर्षाला १९९ डॉलरचा आणि २० उपकरणांचा. ईव्ह-एनजी, जीएनएस३ हेही पर्याय आहेत. महिन्यातून एकदा तरी सलग ८ तास बसून सराव करा, मधे फोन नाही.

एक सावधगिरी. ‘शंभर टक्के पास’ म्हणत फुटलेल्या लॅबचे संच विकणारे भेटतील. पकडले गेलात तर निकाल रद्द होतो, प्रमाणपत्र जातं, बंदी येते. आणि नाही पकडले गेलात, तरी मुलाखतीत कोणी पांढऱ्या फळ्यावर नेटवर्क काढायला सांगितलं की दहा मिनिटांत उघडं पडतं.

एवढं करून उपयोग आहे का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर पूर्वीसारखा आपोआप उपयोग आता नाही. सिस्कोच्या गोल्ड पार्टनरला ठरावीक संख्येने सीसीआयई नोकरीवर ठेवावे लागत, त्यामुळे नुसत्या क्रमांकाला मागणी होती. आता २०२६ मध्ये ‘सिस्को ३६०’ ही नवी पार्टनर योजना आली आहे. बरंचसं काम क्लाउडकडे गेलंय आणि साधं कॉन्फिगरेशन एआय लिहून देतं. प्रमाणपत्रही दर ३ वर्षांनी नव्याने राखावं लागतं. त्यासाठी शिक्षणाचे १२० क्रेडिट मिळवणं हा एक मार्ग.

पण एआयने लिहिलेलं कॉन्फिगरेशन चालू नेटवर्कवर टाकायचं की नाही, हे कोणीतरी ठरवावं लागतं. दोन लिंक एकाच खड्ड्यातून जातायत का, हे कोणीतरी विचारावं लागतं. सीसीआयईची नवी रचना तिथे वळली आहे, म्हणूनच मी ‘करा’ म्हणतो.

लॅबची तारीख घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. गेल्या सहा महिन्यांत मी किती चेंज स्वतः केले? त्यातल्या एकाचा तरी आराखडा मी ठरवला होता का? तो निर्णय मी ग्राहकाला साध्या मराठीत समजावू शकतो का? तिन्हींची उत्तरं देता आली तर १,६०० डॉलर भरा. नसतील येत, तर ते पैसे बँकेत राहू द्या आणि आधी टीम बदलण्याचा अर्ज टाका.