लेकराला ओळखीचा हात हवा



आधी गोठ्यातली गोष्ट. रोज धार काढणारी बाई चार दिवस माहेरी गेली आणि दुसऱ्या कोणी कासेला हात लावला, की गाय पान्हा चोरते. चारा तोच, ढेप तीच, गोठाही तोच. बदलला तो फक्त हात. हे तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून तर गडी बदलायचा झाला तर चार दिवस आधीपासून नव्याला जुन्याच्या जोडीला उभे करता. एवढी काळजी आपण आपल्या तान्ह्या लेकरांच्या बाबतीत घेतो का?

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत मजूर मिळत नाहीत ही तुमची तक्रार असते. वेचणी बहुतेक बायाच करतात आणि त्यातल्या कित्येकींच्या पदरी वर्ष-दीड वर्षाचं मूल असतं. ते बांधावरच्या झोळीत तरी असतं, नाहीतर शाळा बुडवून घरी थांबलेल्या थोरल्या बहिणीच्या कडेवर. अंगणवाडीतली शाळा तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लस टोचली जाते. पण साध्या अंगणवाडीत त्यांना दिवसभर सांभाळत नाहीत. 2022 साली केंद्र सरकारने पाळणाघरांच्या योजनेला 'पाळणा' हे नाव दिले आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढायचे ठरवले. तुमच्या गावात असे पाळणाघर असेल तर उत्तम. नसेल तर निदान हंगामापुरते गावानेच चालवावे.

पण ते चालवायचे कसे? खोली, सतरंजी, पाण्याचा माठ आणि खिचडी एवढ्यावर आपण थांबतो. मीसुद्धा थांबलो होतो. एका गावी बचत गटाच्या बैठकीत मी सल्ला दिला, की पाच आया आहेत, पाच लेकरं आहेत, तर रोज एकीने पाळीने थांबावं. म्हणजे कोणा एकीचीच मजुरी बुडणार नाही. हिशेब चोख होता. आठवड्याने गेलो तर दहा महिन्यांचं एक पोरगं भिंतीला टेकून बसलेलं. रडत नव्हतं आणि खेळतही नव्हतं. पुढ्यात खुळखुळा तसाच पडलेला. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "साहेब, लेकराले रोज नवं तोंड दाखवता, मंग ते बोलन कोणासंग?"

मला उत्तर देता आले नाही. गटाने त्या आजीलाच हंगामभर नेमले आणि मदतीला एक तरुण सून दिली. पंधरवड्याने गेलो तेव्हा तेच पोरगं आजीचा पदर धरून उभं होतं. अंगणात कोंबडी आली की बोट दाखवायचं आणि आजीकडे बघायचं. आजी म्हणायची, "हो रे, कोंबडी. दाणे खाते." मग ते पुन्हा बोट दाखवायचं.

वाचकहो, तान्ह्या मुलाची शाळा ती हीच. मूल काही दाखवतं, ओळखीचं माणूस त्याला जबाब देतं, त्या जबाबातून शब्द मिळतो आणि पुन्हा विचारायची हिंमत येते. जबाब देणारं माणूस रोज बदललं तर मूल विचारायचंच सोडतं. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मूल अनोळखी माणसाला भितं. ते लाडावलं म्हणून नव्हे, तर आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळू लागलं म्हणून. आपलं माणूस जवळ असलं की तेच मूल रांगत दूर जातं, मागे वळून चेहरा बघतं आणि आणखी पुढे जातं.

हे नुसतं आजीचं मत नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. खेळता खेळता आईने काही मिनिटे चेहरा दगडासारखा ठेवायचा, एवढेच. तान्ही मुले आधी हसून, हात पुढे करून आईला बोलावत. तिने दाद दिली नाही की तोंड फिरवत, रडू लागत. आई समोर बसलेली होती, तरी जबाब बंद झाला हे त्यांना लगेच कळत होते. युरोपात हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात डॉ. एमी पिकलर यांनी 1946 मध्ये तान्ह्या मुलांसाठी बालगृह काढले. तिथला नेम असा, की ठराविक मुलांना ठराविकच दाया. अंघोळ, कपडे, भरवणे घाईने उरकायचे नाही. "आता हात धुते हं," असे सांगायचे आणि बाळाने हात पुढे करेपर्यंत थांबायचे.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडला नेले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होत्या. मुलगी शिकायची तर तिच्या कडेवरच्या भावंडाची सोय आधी हवी, हे कोसबाडच्या डोंगरावर तेव्हाच कळले होते.

तर यंदा एवढे करून पाहा. एका बाईकडे तीन-चारच तान्ही द्या आणि हंगामभर ती बदलू नका. पाचवं मूल आलं की मदतनीस हवीच. पहिले चार-पाच दिवस आईने थोडा वेळ तिथेच बसावे, मग हळूहळू निघावे. लपून निघून जाऊ नये, मुलाला सांगून जावे. बाईने भरवताना, धुताना मुलाशी बोलावे. घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलत असतील तर शक्यतो तीच भाषा बोलणारी बाई निवडावी. मुलाला भिंतीवरच्या चित्रांपेक्षा या बोलण्याचा उपयोग जास्त.

आता मजुरीचे. वेचणी किलोवर असते. पाच आयांनी रोज चार-चार किलोची मजुरी बाजूला काढली तर वीस किलोचे पैसे होतात, आणि ज्यांच्या शेतात वेचणी आहे त्या शेतकऱ्यांनी तेवढेच घालावेत. भर हंगामात चांगल्या वेचणारीची दिवसाची मजुरी साधारण एवढीच होते. मदतनिसाचा वाटा ग्रामपंचायतीकडे मागा. ही काही भीक नव्हे. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, असे 2005 च्या रोजगार हमी कायद्यातच लिहिले गेले. मूल सांभाळणे हे काम आहे, हे सरकारने कागदावर मान्य केले. आपण आपल्या शेतावर मान्य करायला काय हरकत आहे?

बियाणं आणताना तुम्ही पिशवीवरचा शिक्का तपासता, दुकानदाराला दहा प्रश्न विचारता. दसऱ्याआधी ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा : आपल्या गावची तान्ही लेकरं यंदा कोणाच्या हाती असतील, आणि तो हात शेवटच्या वेचणीपर्यंत तोच राहील का?