संगणकाला कात्रजचा घाट!



‘त्याने मला चांगलाच कात्रजचा घाट दाखवला!’ असं घरातली मोठी माणसं म्हणताना तुम्ही ऐकलं असेल. म्हणजे चक्क फसवलं, भलतीकडेच पाठवलं! एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला. आता मोगल फौज पाठलाग करणार हे उघड होतं. तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून ते उधळून दिले, अशी कथा सांगतात. फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाच्या वाटेने पसार झाले.

आता गंमत ऐका. बिचाऱ्या संगणकालाही कुणीतरी असाच कात्रजचा घाट दाखवतं. कोण ठाऊक आहे? व्हायरस! हा काही सर्दी-खोकल्याचा जंतू नव्हे, बरं का. तो असतो एक छोटासा प्रोग्रॅम. साध्याभोळ्या फाइलचं किंवा डिस्कचं सोंग घेऊन तो आत शिरतो. संगणकाला वाटतं, हे आपलंच काम. तो ते इमानेइतबारे करत बसतो आणि पस्तावतो!

१९९१ साली जगात ‘मायकेलअँजेलो’ नावाचा असाच एक व्हायरस सापडला. तेव्हा माहिती फ्लॉपी नावाच्या चौकोनी डिस्कवरून इकडून तिकडे नेत. फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात हा दडून बसे. वर्षभर गुपचूप! आणि ६ मार्चला, म्हणजे मायकेलअँजेलो या थोर चित्रकाराच्या वाढदिवशी, संगणक सुरू केला की डिस्कवरची माहिती पुसायला लागे.

याच सुमारास पुण्याच्या मंगळवार पेठेत एक छोटं दुकान होतं. मालकाचं नाव कैलाश काटकर. शाळेनंतर त्यांचं नियमित शिक्षण थांबलं होतं. कॅलक्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात महिना ४०० रुपये पगारावर ते कामाला लागले. हाताने काम करता करता शिकले आणि १९९० मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. पुढे तिथे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले. बघतात तो काय, कितीतरी यंत्रं धडधाकट! बिघाड यंत्रात नव्हताच, होता तो व्हायरसचा उपद्व्याप.

आता तुम्हीच विचार करा. व्हायरस दर वेळी काढायचा आणि दर वेळी दुरुस्तीचे पैसे घ्यायचे, हाही धंदाच होता की! मग कायमचा उपाय कशाला शोधायचा?

पण इथेच खरी गोष्ट सुरू होते. कैलाश यांचे धाकटे भाऊ संजय तेव्हा कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. थोरल्या भावाचाच तसा आग्रह होता. संजय यांनी व्हायरस शोधून काढणारा प्रोग्रॅम लिहिला. हे शोधणं कसं चालतं? चोराच्या बोटांचे ठसे पोलीस जपून ठेवतात ना, तसंच. प्रत्येक व्हायरसच्या आतली ठरावीक खूण नोंदवून ठेवायची आणि ती कुठे दिसते का, ते फाइलीमागून फाइल तपासायचं. रोज नवे चोर येणार, म्हणून ठशांची वही रोज वाढवायची. १९९५ साली हा प्रोग्रॅम ‘क्विक हील’ नावाने विक्रीला आला. पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला निघाली. २००७ मध्ये कंपनीनेही आपल्या उत्पादनाचंच नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

या गोष्टीत दोन कामं आहेत, ओळखलीत? प्रोग्रॅम कसा लिहायचा ते ठरवून तो लिहायचा, हे सॉफ्टवेअर डेव्हलपरचं काम. आणि कुणासाठी, काय, किती किमतीला बनवायचं, शिवाय काय *नाही* बनवायचं, हे ठरवणं म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरचं काम. आज मोठ्या कंपन्यांत ही दोन कामं वेगवेगळी माणसं करतात. या दोघांपैकी एक गिऱ्हाइकांची तक्रार रोज ऐकत होता, दुसऱ्याला प्रोग्रॅम लिहिता येत होता. एकट्या ऐकण्याने व्हायरस निघाला नसता आणि एकट्या प्रोग्रॅमला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

मग या क्षेत्रात माणूस मोठा होतो, तो कसा? नव्या डेव्हलपरला आधी एखादी छोटीशी चूक दुरुस्त करायला देतात. तो विचारतो, ‘ही चूक कशी काढू?’ थोडा अनुभव आला की विचारतो, ‘ही चूक पुन्हा पुन्हा का होते?’ आणि आणखी पुढे गेला की विचारतो, ‘लोकांची खरी अडचण कोणती?’ हुद्दा आणि पगार वाढतो तो नंतर. आधी प्रश्न मोठा व्हावा लागतो! मंगळवार पेठेतल्या दुकानातही हेच तीन प्रश्न एकापाठोपाठ एक आले, नाही का?

आई-बाबांनाही दोन शब्द. ‘कॉलेजात न जाताही मोठं होता येतं,’ एवढाच अर्थ मुलांनी यातून काढला तर त्यांना सांगा, की प्रोग्रॅम लिहिणारा भाऊ कॉलेजात शिकत होता. आणि ‘मार्क कमी पडले, आता याचं कसं व्हायचं?’ असं तुमच्या मनात आलं, तर ४०० रुपयांवर शिकणारा भाऊ आठवा.

आता या आठवड्याचा उद्योग. समजा, कात्रजच्या बस थांब्यासाठी तुम्हाला मोबाइलचं ऍप बनवायचं आहे. लगेच संगणकापाशी पळू नका! वही-पेन्सिल घ्या, मोठ्या कुणाला तरी सोबत घ्या आणि अर्धा तास थांब्यावर नुसतं उभं राहा. बारीक अक्षर न दिसणाऱ्या आजींना काय हवंय? पास काढलेल्या कॉलेजातल्या ताईला? मोबाइलची बॅटरी संपत आलेल्या कामगारकाकांना? आणि ज्यांच्याकडे तसला फोनच नाही, त्यांना? पाच जणांना नम्रपणे विचारा आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग त्यातली एकच अडचण निवडा. बाकीच्या चार का सोडल्या, तेही लिहा. निवडण्यापेक्षा सोडणंच अवघड असतं, हे तुमच्या लगेच लक्षात येईल!

कात्रजला राहत नसाल तर तुमच्या गावचा एस.टी. स्टँड आहेच की. वहीतलं पान आई-बाबांना दाखवा आणि विचारा, ‘तुम्ही कोणती अडचण निवडली असती?’

मग भेटू या पुढच्या आठवड्यात. तोवर कुणाच्या कात्रजच्या घाटात सापडू नका हं!