टाचेचा ताळेबंद

माणूस शिडीवरून पडून नेमका टाचांवर उतरला, की टाचेच्या हाडाचं अंड्याच्या कवचासारखं होतं. इथवर कुणाचंच दुमत नाही. तंटा पुढे. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं टेकवतो आणि विचारतो, "ऑपरेशन कधी?" करायचं नाही म्हणावं, तर घरच्यांनी पैसे वाचवले असा चेहरा करतो!

चिरफाड म्हणजे उपचार, बाकी सगळी टाळाटाळ, ही आपली पक्की समजूत. पट्टी न् स्क्रू ठोकलेला एक्स-रे दिसतोही देखणा. पण अहो, मी बँकेत खतावण्या जुळवणारा माणूस. ताळा जमला म्हणजे नफा झाला, असं नव्हे! व्हिएन्नाच्या लोरेन्झ ब्योलर यांनी टाचेच्या हाडाचा कोन मोजायला शिकवलं. तो साधारण २० ते ४० अंश असावा. कबूल. पण बाजारात भाजी आणायला कोन जात नाही, माणूस जातो.

ब्रिटनमध्ये २२ रुग्णालयांतल्या अशा १५१ रुग्णांची, सांध्यातलं हाड सरकलेल्यांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली : काहींना ऑपरेशन, काहींना नाही. हिशेब २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. दोन वर्षांनी दुखणं आणि चालणं दोन्हीकडे जवळपास सारखंच! मात्र जंतुसंसर्गासारखी गुंतागुंत आणि पुन्हा ऑपरेशनची पाळी एकीकडे २३ टक्के, दुसरीकडे ४. टाचेच्या कडेची कातडी पातळ, खाली मांसाची गादी नाही. जखम भरायला कुरकुरते. त्यात रुग्ण विडी-सिगारेटवाला असेल तर विचारूच नका.

आता दुसरी बाजू खोडून काढली, तर तो अफरातफरीचा गुन्हा. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल किंवा टाच फारच वेडीवाकडी झाली असेल, तर हा हिशेब लागू नाही. तसे रुग्ण त्यात धरलेच नव्हते. कॅनडातल्या २००२ सालच्या अभ्यासातही एकूण बेरीज सारखीच आली, पण स्त्रियांना आणि कामावरच्या अपघाताची भरपाई न घेणाऱ्यांना ऑपरेशन अधिक मानवलं.

म्हणून माझं भांडण सुरीशी नाही, सुरीच्या घाईशी आहे. "एक्स-रे कसा दिसेल?" हे विचारू नका. "दोन्ही वाटांनी गेलो, तर दोन वर्षांनी मी कसा चालेन, आणि वाटेत काय काय बिघडेल?" हे विचारा. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी माणूस व्याज विचारतो; टाचेच्या कागदावर नको?