ब्रेकमधली हवा घरी कशी काढावी?

घरची गाडी, घरची देखभाल

शेतकरी बंधूंनो, भाजीपाला बाजारात नेणारी पिकअप असो की घरची जीप, तिच्याविषयी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाही, पायडल दोन-तीनदा हलवले की लागतो. अशी गाडी चालवावी का?’

याचे उत्तर एका शब्दात आहे : नाही. रिकाम्या गाडीला, गावातल्या रस्त्यावर, दुसऱ्या दाबाला ब्रेक लागतो. पण मागे दीड टन टोमॅटो, समोर उतार आणि मधेच आडवी आलेली म्हैस असली, की दुसऱ्यांदा दाबायला वेळच उरत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढे जाते, हे ध्यानात ठेवावे.

हवेने काय होते?

पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑईल नळीतून चारही चाकांकडे रेटले जाते. तेल दाबाने आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा लायनरपर्यंत पोचतो. हवा मात्र आक्रसते. नळीत हवा शिरली की पायाचा जोर ती दाबण्यातच खर्च होतो आणि पायडल स्पंजासारखे मऊ लागते. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने हवा धरली की ते बंद पडते आणि स्क्रू सैल करून हवा काढावी लागते. तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की तिथे पाणी थांबते, इथे गाडी थांबत नाही.

आधी दोष ओळखावा

गाडी उभी असताना पायडल दाबून पाहावे.

पायडल मऊ लागते, दाबावे तितके लवचिक राहते : हवा आहे.

पहिल्या दाबाला खाली जाते, पण दुसऱ्या दाबाला वर येऊन दगडासारखे कडक होते : बहुधा मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढले आहे.

पाय दाबून धरला तरी पायडल हळूहळू खाली बसत जाते : कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर गेले आहेत. येथे हवा काढून काही उपयोग नाही.

इंजिन चालू असूनही पायडल कडक आणि ब्रेक मात्र कमी : बूस्टर किंवा त्याची नळी तपासून घ्यावी.

हवा आली कोठून?

ब्रेकची नळी बंदिस्त असते. हवा आपोआप शिरत नाही. डबीतले तेल खालच्या खुणेच्याही खाली गेले, चाकाचा सिलिंडर गळू लागला, रबरी होजला चिरा पडल्या किंवा दुरुस्तीसाठी नळी सोडली, तरच ती शिरते. म्हणून प्रत्येक चाकाची आतली बाजू, होज आणि पायडलजवळ मास्टर सिलिंडरचा दांडा हात लावून पाहावा. ओल दिसली तर आधी ती दुरुस्ती करावी. गळती तशीच ठेवून हवा काढणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

दुसरे कारण जुने तेल. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 जातीचे नवे तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र ते 140 अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की चाके तापतात, तेलाची वाफ होते आणि पायडल एकदम खाली जाते. गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा ठीक वाटतो, म्हणून माणूस फसतो. पुस्तिकेत दुसरी मुदत दिलेली नसेल तर दर दोन वर्षांनी तेल बदलावे.

साहित्य

डबीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचे (डॉट 3 किंवा डॉट 4) सीलबंद ब्रेक ऑईल, निपलला बसणारा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, काचेची बरणी आणि स्वच्छ फडके. या तेलाऐवजी इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक ऑईल कधीही घालू नये. त्याने सगळी रबरे फुगून निकामी होतात.

कृती

दोन माणसे हवीत. पायडलवर घरातले कोणीही चालेल. मात्र सांगितल्याबरहुकूम करणारे हवे.

1. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून, चारही चाकांवर उभी करावी. चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

2. डबीचे झाकण पुसून उघडावे, वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे आणि झाकण वर नुसते ठेवावे.

3. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. मास्टर सिलिंडर उजवीकडे असलेल्या बहुतेक जीप-पिकअपना क्रम असा : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. पुस्तिकेत वेगळा क्रम असल्यास तोच पाळावा.

4. निपल साफ करून पाना चढवावा, मग नळी बसवावी. नळीचे दुसरे टोक बरणीतल्या थोड्या नव्या तेलात बुडलेले असावे. निपल गंजला असेल तर जोर करू नये, मोडतो. गंज सोडवणारे तेल सोडून तासभर थांबावे.

5. ‘दाब’ म्हणताच पायडल सावकाश दाबून धरावे. निपल पाव ते अर्धा आटा सैल करावा. तेलाबरोबर बुडबुडे येतील, पायडल खाली जाईल. निपल घट्ट करावा आणि मगच ‘सोड’ म्हणावे. निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा पुन्हा आत जाते.

6. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे. दर चार-पाच दाबांनी डबी पाहावी. ती रिकामी झाली तर केलेले सगळे काम वाया जाते. घाईने पायडल हलवू नये, त्याने तेलाला फेस येतो.

7. जुन्या गाडीत पायडलखाली इंच-दीड इंच जाडीची फळी ठेवावी. एरवी वापरात नसलेल्या सिलिंडरच्या गंजक्या भागावर घासून रबर फाटत नाही.

ए.बी.एस. असलेल्या गाडीची डबी पूर्ण रिकामी झाली असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरकडेच न्यावे. तिथली हवा पुष्कळदा यंत्र लावल्याशिवाय निघत नाही.

खात्री

पायडल मिनिटभर जोराने दाबून धरावे; खाली बसता कामा नये. इंजिन सुरू करताच ते किंचित खाली जाईल, तो बूस्टरचा गुण आहे. सगळे निपल कोरडे असल्याचे पाहून रिकामी गाडी मोकळ्या जागेत बैलगाडीच्या चालीने चालवून पाहावी. पायडल पुन्हा मऊ झाले तर गळती राहिली आहे. मग बाजाराचा दिवस असला तरी गाडी काढू नये. मालाचे भाडे द्यावे लागले तरी चालेल.

निघालेले तेल परत वापरू नये. ते विषारी असते आणि रंगही खाते. बरणीवर चिठ्ठी लावून मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. विहीर-नाल्यात ओतू नये. गाडीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

वाटेत ब्रेक गेला तर

पायडल भराभर हलवावे, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद करू नये. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय तर आजच सोडावी. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. चार पैशांचे डिझेल जाईल, पण ब्रेक थंड राहील आणि मागे बसलेली माणसे घरी पोचतील.

पुढील लेखात : हँडब्रेकची केबल कशी ताणावी.