शाळेतील कोसा-अळी आणि धानातील कोळी

शाळेत अन्नसाखळी शिकविताना फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक व साप यांची चित्रे काढून ती बाणांनी जोडण्याचा प्रघात आहे. बाण काढले की पाठ संपला असे समजले जाते. परंतु वनस्पतीत साठलेल्या ऊर्जेपैकी किती हिस्सा पुढील जिवाच्या अंगी लागतो, हा या पाठाचा गाभा बाणाने कळत नाही. त्याला तराजू लागतो. गोंदिया जिल्ह्यात त्याचे साधन हाताशीच आहे. ऐन व अर्जुन येथे विपुल असून त्यांवर टसरच्या अळ्या जोपासून कोसा काढण्याचा धंदा ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत.

ऐनाच्या डहाळ्या पाण्याच्या बाटलीत खोचून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, म्हणजे अळ्या पाण्यात पडत नाहीत. जाळीखाली चार-पाच वाढत्या अळ्या सोडाव्यात. रोज घातलेला पाला, उरलेला पाला, विष्ठा व अळ्या निरनिराळ्या तोलाव्यात. तितक्याच वजनाची एक डहाळी अळीविना शेजारी अवश्य ठेवावी. कारण पाला सुकूनही वजन घटते व ती घट उगाच अळीच्या खाती पडते. शक्य तेथे पाला व विष्ठा वाळवूनच तोलावी, कारण पाण्यात अन्नाची ऊर्जा नसते. टसरची अळी चार वेळा कात टाकते व त्या सुमारास खाणे थांबविते. त्या दिवशी मुलांनी घाबरू नये.

खाल्लेल्या पाल्याचा मोठा भाग विष्ठेतून पडतो, काही श्वसनात उष्णतेच्या रूपाने जातो, आणि थोडाच अळीच्या अंगी लागतो, असे मुलांना दिसेल. तळ्यातील जीवांचा असाच हिशेब अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी 1942 साली मांडला. पुस्तकात दहाव्या हिश्शाचा ढोबळ नियम असतो. वर्गातील आकडा त्याच्याशी जुळेलच असे नाही, कारण झाडावर न खाल्ला गेलेला पाला वर्गाच्या हिशेबात येत नाही. शिक्षकांनी तो ओढूनताणून जुळवू नये.

ग्रामसेवकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर धानाच्या बांधीत आहे. तुडतुडे पुष्कळ व कोळी मोजके पाहून शेतकरी म्हणतो, एवढ्याशा कोळ्यांनी काय होणार? वस्तुतः वरच्या पायरीस ऊर्जाच थोडी पोहोचते, म्हणून कोळी थोडे असतात. सरसकट मारणारे औषध फवारले की दोन्ही मरतात. मात्र तुडतुड्यांची अंडी पर्णकोषात सुरक्षित राहतात व पिल्लांना अन्न समोरच असते. कोळ्यांना पुन्हा वाढण्यास भक्ष्य वाढेपर्यंत थांबावे लागते. तेवढ्या मुदतीत पीक करपते, आणि दुसऱ्या फवारणीचा खर्च अंगावर येतो. फवारणी कधीच करू नये असा याचा अर्थ नव्हे. पण चुडातील तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजल्याशिवाय पंप पाठीवर घेणे हा निव्वळ उतावीळपणा होय.

म्हणून शाळेत दुसरी बरणीही मांडावी: तीत धानाची रोपे, मोजून सोडलेले तुडतुडे व एक कोळी, शेजारी कोळ्याविना तशीच एक. रोज सकाळी दोन्हींतील तुडतुडे मोजून फळ्यावर लिहावेत. बरण्या उन्हात ठेवू नयेत. टसरचे कोसे तयार झाल्यावर, ज्या कुटुंबाने अळ्या दिल्या त्यास ते परत करावेत. त्याच्या हिशेबी ती पिकातील घट असते.