बिस्कोत्तीने बुडणारी संस्कृती

हल्ली एक नवी कुरकुर कानावर येते. म्हणे घरोघरी ओव्हन आले आणि बायका (व माझ्यासारखे काही कारकून) नेवऱ्या, शंकरपाळ्या सोडून बिस्कोत्ती भाजत बसले. आपली संस्कृती बुडाली! हे बोलणारे बोलतात कधी? तर पोदेराकडून घेतलेला उंडो सकाळच्या चहात बुडवताना!

मंडळी, जरा आठवा. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेला अख्खा वाडा बाटला, या गोष्टी आपल्याच आज्यांनी आपल्याला सांगितल्या. त्याच घरांत आज पोदेराचा भोंपू वाजला नाही तर दिवस उजाडत नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. चतुर्थीच्या मणगण्यात तो घालताना कुणी त्याचे गोत्र विचारले? मग ओव्हनमधल्या चार तुकड्यांनीच नेमके काय बुडते?

मुळात ही काही लाडावलेल्या श्रीमंतांची चीज नव्हे. लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे शिजवलेले. दोनदा भाजून पाणी घालवले की पीठ महिनोन्‌महिने टिकते. म्हणून खलाशांची शिदोरी तीच. गोव्याला आलेल्या पोर्तुगीज जहाजांवरही असलेच ‘बिस्कोइतो’ असत. आपल्या तोंडातले ‘बिस्कुट’ त्याच कुळातले. इटलीत तर बिस्कोत्ती म्हणजे कुठलेही बिस्किट. आपण जिला बिस्कोत्ती म्हणतो ती तोस्कानातली कांतुच्ची. प्रातो गावात आंतोनियो मात्तेई याने 1858 साली दुकान काढले, ते आजही ती विकते. मैदा, साखर, अंडी, बदाम, चिलगोजे. लोणी नाही, तेल नाही. शंकरपाळ्यांतले तुपाचे मोहन आणि वरचे तळण आठवा, आणि मग आरोग्यावर बोला.

दुसरा राग आहे तो बाजारातल्या नरम बिस्कोत्तीवर. लोणी ओतायचे, टुटीफ्रुटी पेरायची, वर चॉकलेट फासायचे. तो केक झाला हो! बिनअंड्याचीही करतात. सोमवारी शिवराक पाळता ना, मग मंगळवारी भाजा, पण अंडे घाला. त्यात दुसरे ओलावणच नसते.

घरी करून पाहा. 250 ग्रॅम मैदा, 150 साखर, दोन मोठी अंडी, अर्धा चमचा बेकिंग पावडर, 100 ग्रॅम बदाम-काजू, मूठभर बेदाणे किंवा चिरलेले सुके अंजीर. बेदाणे प्रातोच्या पाककृतीत नाहीत. मी घालतो, कारण मला आवडतात. बदाम सालीसकट, अख्खे. दोन लांबट वळकट्या करून 180 अंशांवर पंचवीसेक मिनिटे. मग दहा मिनिटे हात लावायचा नाही. गरम कापल्या तर भुगा होतो. दातेरी सुरीने बोटभर जाडीचे तिरके काप, आणि 150 वर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटे. बेदाणा वर उघडा राहिला तर जळून कडू होतो, तेवढा आत दाबा.

‘दात पडतील’ म्हणणाऱ्यांनी ती बुडवून खावी. तोस्कानात विन सान्तो नावाच्या गोड वाईनमध्ये बुडवतात. फेणीत बुडवा असे मी सांगणार नाही, सरकारी नोकर आहे. चहा पुरे. पावसाळ्यात मात्र घट्ट झाकणाचा डबा हवा, नाहीतर आपली हवा दोन दिवसांत तिचा पाव करून टाकते.