ठाण्याचा मतदारसंघ आणि सीमांचे अंकगणित

लोकसभेच्या ठाणे मतदारसंघाचा नकाशा पाहिला की त्याची विसंगत रचना चटकन ध्यानात येते. मीरा-भाईंदर, ठाणे आणि नवी मुंबई या तीन महानगरपालिकांचा प्रदेश त्यात एकत्र बांधलेला आहे. त्यांच्यामध्ये एका बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, तर दुसऱ्या बाजूस खाडी. उलट कळवा-मुंब्रा हा ठाणे महानगरपालिकेचाच भाग, पण तो कल्याण मतदारसंघात मोडतो. आणि कल्याण पश्चिम हा विधानसभा मतदारसंघ भिवंडीला जोडलेला. स्थानकाचा पूल ओलांडून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या कल्याणकराचा खासदारच बदलतो! मतदारसंघ शक्यतो भौगोलिक दृष्ट्या सलग असावेत, प्रशासकीय सीमा, दळणवळण व लोकांची सोय यांचा त्यात विचार व्हावा, असे २००२ चा परिसीमन कायदा सांगतो. मग हे असे का झाले?

उत्तर अंकगणितात आहे. २००१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती. २८८ जागांनी भागले असता एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३६ हजार लोक येत होते. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवर गेली होती. त्यामुळे न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जिल्ह्याला २४ जागा दिल्या, आणि सहा-सहांच्या गटांनी लोकसभेचे चार मतदारसंघ पाडले : ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर. सहाचा हिशेब जुळवायचा म्हटल्यावर शहरांच्या हद्दी मागे पडणे अपरिहार्यच होते.

तथापि, खरा दोष या आयोगाचा नव्हे, त्याआधीच्या तीस वर्षांच्या स्थगितीचा होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली जागावाटणी गोठविली. कुटुंबनियोजनात यश मिळविणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हा तिच्यामागचा युक्तिवाद समर्थनीय होता. परंतु राज्याराज्यांतील वाटणीबरोबर राज्यांतर्गत सीमाही गोठविण्याचे कारण नव्हते. ठाणे जिल्हा रायगड किंवा रत्नागिरीच्या तुलनेत किती वाढला, याचा तमिळनाडूच्या खासदारसंख्येशी काय संबंध?

या गफलतीची किंमत उपनगरांनी मोजली. १९७७ मध्ये रामभाऊ म्हाळगी ठाण्यातून निवडून गेले तेव्हाचा हा मतदारसंघ २००४ पर्यंत त्याच चौकटीत राहिला. या काळात मुंबईतून हटलेली, कोकण-देशावरून आलेली कुटुंबे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ अशा ठिकाणी वसत गेली, खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहिली. २००१ मध्ये राज्याच्या लोकसंख्येच्या आठ टक्क्यांहून अधिक लोक ठाणे जिल्ह्यात राहत होते, पण विधानसभेत त्यांच्या वाट्याला होत्या केवळ १३ जागा, म्हणजे साडेचार टक्के. मुंबई उत्तर मतदारसंघ वसई ओलांडून पालघरपर्यंत पसरला होता, हेही याच स्थितीचे लक्षण.

२००८ च्या पुनर्रचनेत हा अन्याय पुष्कळसा दूर झाला. पण त्याची दुसरी बाजू कोकणात दिसली. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ज्याचे प्रतिनिधित्व केले, तो राजापूर मतदारसंघ नकाशावरून पुसला जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच मतदारसंघ उरला. एका अर्थाने कोकणच्या जागा कोकणी माणसामागून डोंबिवलीला गेल्या. गावाकडे राहिलेल्यांना मात्र हे समाधान पुरेसे नाही. रस्ते, बंदरे आणि शेती यांचे त्यांचे प्रश्न उपनगरी खासदाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. लोकसंख्येचा निकष न्याय्य असला, तरी उजाड होत चाललेल्या प्रदेशाचा आवाज तो अधिकच क्षीण करतो, हे मान्यच करावे लागेल.

आणि तरीही तोल पुन्हा ढळलाच आहे. २००१ ते २०११ या दशकात ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर पोचला, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्षात घटली. २०२४ च्या निवडणुकीत ठाण्यात सुमारे २५ लाख मतदार होते, रत्नागिरी-सिंधुदुर्गात साडेचौदा लाख. खासदार विकासनिधी दोहोंकडे वर्षाला पाच कोटीच. ठाण्यात तो दर मतदारामागे वीस रुपये पडतो, तिकडे सुमारे चौतीस. रक्कम क्षुल्लक आहे. पण मताचे मूल्यही त्याच प्रमाणात विषम झाले आहे, ही बाब क्षुल्लक नव्हे.

२००१ च्या चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने राज्यांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली; राज्यांतर्गत सीमा बदलण्याची मुभा तिने दिली, तीही एकदाच. दर जनगणनेनंतर अंतर्गत फेररचना करण्याची तरतूद तेव्हाच झाली असती, तर ठाण्याला आणि राजापूरलाही एकाच वेळी एवढा मोठा हिसका बसला नसता. २०२१ ची जनगणना झाली नाही; पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर करण्यात आली. राज्याराज्यांतील जागांचा वाद तिच्या आकड्यांवर दीर्घकाळ चालेल, अशीच चिन्हे आहेत. राज्यांतर्गत सीमांचे काम त्या वादापासून वेगळे काढून आधी हाती घेणे इष्ट. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाल्याने चोविसांपैकी सहा जागा तिकडे गेल्या आहेत. नव्याने आखणी होईल तेव्हा कल्याण पश्चिमेला कल्याणात आणि कळवा-मुंब्र्याला ठाण्यात आणणे कितपत शक्य आहे, याचा हिशेब उरलेल्या अठरा जागांपासून सुरू करावा लागेल.